नाकाचं चाक सगळ्यात शेवटी मोडतं

जळगाव जिल्ह्यातल्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगा पायलटचं प्रशिक्षण घेतोय. मे महिन्यात, दुपारी बाराच्या सुमारास, सोलो, म्हणजे एकट्याने केलेल्या, उड्डाणावरून परतताना त्याचं सेसना १७२ हे लहान विमान जळगावच्या धावपट्टीवर टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उसळलं. तिसऱ्यांदा टेकलं तेव्हा नाकाचं चाक मोडलं आणि पंखा (प्रोपेलर) डांबरावर घासत विमान थांबलं. मुलगा सुखरूप आहे. आता कोणी म्हणतं चाक कच्चं होतं, कोणी वाऱ्याला दोष देतं, कोणी ब्रेकला. खरं कारण काय असू शकतं आणि ते कशावरून कळतं, असं त्यांनी विचारलंय.

या एका विमानाचा निवाडा तपासणीनंतरच होईल. पण दोन-तीन उसळ्या आणि मग नाकाचं चाक, हा क्रम लहान विमानांच्या जगात फार ओळखीचा आहे. त्यात चाक हे बहुतेक वेळा कारण नसतं, तो परिणाम असतो. कारण शोधायचं असेल तर चाक मोडलं त्या जागेपासून अर्धा-पाऊण मिनिट मागे, फायनलवर जावं लागतं. फायनल म्हणजे धावपट्टीच्या रेषेत येऊन उतरण्याचा शेवटचा सरळ टप्पा.

आधी उसळीचं गणित पाहू. अशा विमानाला मागे पंखांखाली दोन मुख्य चाकं आणि पुढे नाकाखाली एक असतं. विमानाचा तोल मुख्य चाकांच्या थोडा पुढे असतो. बरोबर उतरलेलं विमान नाक किंचित वर ठेवून आधी मुख्य चाकांवर टेकतं, वेग कमी होत गेला की नाक आपसूक खाली येतं आणि पुढचं चाक हलकेच जमिनीला लागतं. वेग जास्त असेल तर पंखांची उचल संपलेली नसते, विमान खाली बसायला तयार नसतं. पायलटने कंट्रोल, म्हणजे नाक वर-खाली करणारं हातातलं हँडल, पुढे ढकलून ते बसवायचा प्रयत्न केला की नाक खाली जातं आणि पुढचं चाक आधी आपटतं. आपटल्यावर नाक वर फेकलं जातं, पंखांचा हवेशी असलेला कोन वाढतो, वेग अजून शिल्लक असल्याने विमान सात-आठ फूट वर उडतं. समोर आकाश दिसल्यावर घाबरून पायलट पुन्हा कंट्रोल पुढे ढकलतो. पण हात हलल्यापासून नाक हलेपर्यंत थोडा वेळ जातो. तेवढ्यात विमान स्वतःच खाली वळलेलं असतं, आणि पायलटचा धक्का नेमका त्या खाली जाण्यात मिसळतो. म्हणून दुसरी आपट पहिलीपेक्षा जोरात असते आणि तिसरी दुसरीपेक्षा. याला पॉर्पॉइझिंग म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या आपटीला नोज गिअर (नाकाचं चाक आणि त्याचा सांगाडा) जातं, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की शिकवताना इन्स्ट्रक्टर उसळ्या मोजूनच सांगतात.

पुढचं चाक हा धक्का घ्यायला बनवलेलंच नसतं. या वर्गातल्या विमानांची चाकं आणि त्यांचा सांगाडा सेकंदाला ७ ते १० फूट वेगाने खाली येणारं विमान गृहीत धरून डिझाइन करतात. सेसना १७२ च्या पंखभारानुसार (पंखाच्या दर चौरस फुटावर येणारं वजन) हिशेब केला तर तो आकडा साडेआठ फुटांच्या जवळ येतो, म्हणजे मिनिटाला पाचशे फुटांच्या आसपास. तो मुख्य भार मुख्य चाकांनी घ्यायचा असतो. नोज गिअरचा स्ट्रट, म्हणजे धक्का झेलणारा दांडा, १७२ मध्ये फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला जोडलेला असतो. नाक आपटलं की चाक मोडण्याआधीच त्या भिंतीला सुरकुत्या पडतात. पायपर कंपनीच्या पीए-२८ या तशाच विमानात स्ट्रट इंजिन माउंटला, म्हणजे इंजिन धरून ठेवणाऱ्या चौकटीला, असतो, तिथे माउंटचे पाइप वाकतात. या सुरकुत्या वरून दिसत नाहीत, काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडून टॉर्च मारून पाहाव्या लागतात. कधी कधी त्या आजच्या नसतात, आधीच्या कुणाच्या तरी जोराच्या लँडिंगच्या असतात. ‘चाक कच्चं होतं’ या म्हणण्यात तथ्य असेलच तर ते इथे सापडेल.

आता वेगाकडे येतो, कारण मूळ तिथेच असतं. १७२ एस या आवृत्तीच्या हँडबुकात पूर्ण फ्लॅपवर (फ्लॅप म्हणजे उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली सोडायच्या झडपा) फायनलचा वेग ६० ते ७० नॉट दिलाय (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). बहुतेक ठिकाणी ६५ शिकवतात. मुलाने ७५ धरला असं समजा. दहा नॉट ऐकायला किरकोळ वाटतात, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ७५ ला ती ६५ पेक्षा ३३ टक्के जास्त असते. ही जास्तीची ऊर्जा धावपट्टीवर टेकण्याआधी हवेतच जिरवावी लागते. जमिनीजवळ पंखांचा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, कमी होतो (पंखांची लांबी ११ मीटर, तिच्या निम्म्या उंचीखाली हे ठळक जाणवतं), त्यामुळे विमान सेकंदाला जेमतेम एक-दीड नॉट गमावतं. दहा नॉट गमवायला सात-आठ सेकंद, आणि तेवढ्यात अडीचशे-तीनशे मीटर धावपट्टी मागे जाते. हे तरंगणं शिकाऊ पायलटला असह्य होतं. धावपट्टी संपेल या भीतीने तो विमान जबरदस्तीने खाली दाबतो, आणि नाक आपटतं.

ती भीती आकड्यांत बसत नाही. १७२ एस ला समुद्रसपाटीवर, प्रमाण तापमानात, ५० फुटांचा अडथळा ओलांडून पूर्ण थांबायला १,३३५ फूट, म्हणजे सुमारे ४०७ मीटर लागतात. त्यातला जमिनीवरचा भाग फक्त ५७५ फूट. जळगावची धावपट्टी सतराशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे तीनशे मीटर तरंगत गेलं तरी विमान आरामात थांबतं. नाक धरून ठेवून वाट पाहिली असती तर काहीच झालं नसतं, आणि वाट पाहवत नसेल तर थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) पूर्ण पुढे करून गो-अराउंड करायला, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढायला, भरपूर जागा होती.

सोलोमध्ये आणखी एक बारकावा असतो आणि तो मुलांना पुरेसा सांगितला जात नाही. हँडबुकातले वेग कमाल वजनाला, १७२ एस साठी १,१५७ किलोला धरलेले असतात. इन्स्ट्रक्टर उतरला, टाक्या निम्म्या झाल्या, तर विमान साडेनऊशे किलोवर येतं. स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरत नाहीत तो) वजनाच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे इथे सुमारे नऊ टक्क्यांनी. दोघं असताना जो ६५ बरोबर होता, त्याच्या जोडीचा वेग आता ५९-६० झाला. मुलाने शिकवल्याप्रमाणे काटेकोर ६५ धरला तरी तो पाच नॉटांनी जास्तच ठरतो. पहिल्या काही सोलोंमध्ये विमान ‘बसतच नाही’ असं मुलं सांगतात, त्याचं कारण हे. पहिल्या सोलोआधी इन्स्ट्रक्टरने हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा, त्याला पाच मिनिटं लागतात.

आता खानदेशचा मे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४३-४४ अंशांवर असतो, हे इथल्या कुणाला सांगायला नको. समुद्रसपाटीपासूनची उंची आठशे फुटांच्या घरात आणि उन्हाळ्यात हवेचा दाब थोडा पडलेला, म्हणून प्रेशर अल्टिट्यूड (हवेच्या दाबावरून काढलेली उंची) हजार फूट धरू. त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश. ४३ मधून १३ वजा केले की ३० अंश, दर अंशाला १२० फूट, म्हणजे ३,६०० फूट. त्यात हजार मिळवले की डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून काढलेली उंची) ४,६०० फूट. विमानाला आणि इंजिनाला वाटतं की ते महाबळेश्वरच्या उंचीवर उडतंय. एअरस्पीड इंडिकेटरवर, म्हणजे वेगाच्या काट्यावर, ६५ दिसत असताना हवेतला खरा वेग ६९-७० नॉट असतो, आणि जमिनीवरची धाव चौदा-पंधरा टक्क्यांनी लांबते. डोळ्याला धावपट्टी नेहमीपेक्षा वेगाने सरकताना दिसते. इथे मुलं दोन प्रकारे चुकतात. काहींना वाटतं वेग फार झाला, म्हणून ते काट्याकडे न बघता नाक वर घेतात आणि स्टॉलच्या जवळ जातात. बाकीचे ‘हवा पातळ आहे’ म्हणून काट्यावरच पाच-सात नॉट जास्त ठेवतात. दोन्ही चूक. काट्यावरचा वेग तोच ठेवायचा, कारण विरळ हवेचा हिशेब त्या काट्यात आधीच आलेला असतो. बदल फक्त अंतरात आणि चढण्याच्या ताकदीत होतो. गो-अराउंड करताना विमान जानेवारीसारखं उचलत नाही, हे मात्र आधीच मनात धरून ठेवायचं.

दुपारच्या हवेतली हालचाल वेगळी. फायनलच्या वाटेवर नांगरून टाकलेलं काळं वावर असतं, त्याला लागून पाणी दिलेली केळीची बाग, पुढे नदीचं पात्र किंवा डांबरी रस्ता. काळी जमीन तापते आणि वरची हवा वर ढकलते, केळीच्या बागेवर आणि पाण्यावर हवा थंड राहून खाली बसते. विमान वावरावरून जाताना उचललं जातं, पायलट पॉवर कमी करतो, आणि लगेच बाग येते. आता विमान पॉवरविना खाली पडायला लागतं. या चढउताराच्या मागे धावत तो थ्रॉटल आणि नाक दोन्ही हलवत राहतो, आणि धावपट्टीच्या तोंडाशी पोहोचतो तेव्हा वेग, उंची, ट्रिम (हाताचा जोर न लावता विमान त्याच वेगावर ठेवणारी जुळणी) यांतलं काहीच स्थिर नसतं. तापलेल्या डांबरावर मृगजळ दिसतं, त्यामुळे नाक वर घेण्याची, म्हणजे फ्लेअरची उंचीही चुकते. यावर उपाय म्हणजे फ्लेअरच्या वेळी समोरच्या डांबराकडे न पाहता धावपट्टीच्या पार टोकाकडे नजर लावणं. खानदेशात एप्रिल-मेमध्ये शिकाऊ सोलो सकाळी दहानंतर ठेवू नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास भरायचे असतात, उन्हाळ्यात ते भरून काढायचा दबावही असतो. तरीही दुपारचे बाराचे तास इन्स्ट्रक्टरसोबतच भरावेत.

वाऱ्याचा दोष किती, तेही मोजता येतं. जळगावची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. वारा धावपट्टीच्या रेषेपासून ३० अंशांवरून १५ नॉट असेल तर आडवा घटक साडेसात नॉट, ४५ अंशांवर साडेदहा, ६० अंशांवर तेरा. १७२ वर उत्पादकाने १५ नॉट आडव्या वाऱ्यात उतरून दाखवलंय, पण ते कसलेल्या टेस्ट पायलटच्या हातून. शिकाऊ सोलोची मर्यादा संस्था यापेक्षा बरीच खाली ठेवते आणि ती लेखी असते. त्या दिवशीच्या उड्डाणाला कुणी, काय वारा पाहून मंजुरी दिली, हे कागदावर सापडायला हवं. वारा झोतांचा असेल, समजा १२ नॉट आणि झोत २२ चे, तर फरकाच्या निम्मे, म्हणजे पाच नॉट फायनलच्या वेगात मिळवतात. पण शांत हवेतही ‘सुरक्षेसाठी’ मिळवत राहायची सवय लागली की तीच घातक ठरते.

आडव्या वाऱ्यापेक्षा फसवा असतो मागून येणारा वारा. सकाळी हवा शांत असताना जी दिशा वापरली तीच दुपारपर्यंत वापरत राहायची, आणि दरम्यान वारा फिरलेला असतो. हँडबुकानुसार मागून येणाऱ्या दर दोन नॉटांमागे उतरण्याचं अंतर दहा टक्क्यांनी वाढतं. पाच नॉट म्हणजे पंचवीस टक्के. विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे, पाहणं एवढाच त्यावर इलाज आहे, आणि तो डाउनविंडवर (फायनलच्या आधी धावपट्टीला समांतर उलट दिशेने उडण्याचा टप्पा) एकदा, फायनलवर एकदा असा दोनदा करायचा.

उसळी आणि आडवा वारा एकत्र आले की विमान हवेत असतानाच बाजूला सरकतं आणि तिरकं टेकतं. १७२ मध्ये पुढचं चाक रडर (शेपटीवरची, दिशा वळवणारी झडप) हलवणाऱ्या पेडलला स्प्रिंगने जोडलेलं असतं. वाऱ्यासाठी पेडल दाबून धरलेलं असताना पुढचं चाक आधी टेकलं तर स्ट्रट दबताच ते पेडलच्या दिशेला वळतं आणि विमान एकदम वळसा घेतं. धावपट्टीबाहेर गेलं आणि पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलं तर उलटं होण्याचा धोका असतो. ब्रेकचा भाग त्यामानाने छोटा. पंखांवर अजून भार असताना ब्रेक दाबले तर चाकं लॉक होतात, टायर एका जागी घासून सपाट होतो किंवा फुटतो. पण त्याने विमान उसळत नाही, त्यामुळे तुमच्या प्रकरणात ब्रेक बहुधा बाजूला ठेवता येईल.

कारण कशावरून कळतं, हा प्रश्नाचा दुसरा भाग. डांबर बरंच काही सांगतं. पहिल्या टेकण्याच्या जागी नाकाच्या चाकाचा काळा पट्टा मुख्य चाकांच्या पट्ट्यांच्या आधी सुरू होत असेल तर नाक आधी आपटलं, हे तिथेच ठरलं. दोन पट्ट्यांमधलं अंतर उसळीची लांबी देतं. पंख्याने डांबरावर मारलेल्या चिरा टेपने मोजतात. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला ३३ चिरा पडतात. त्यांच्यातलं अंतर ९० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर जमिनीवरचा वेग सुमारे ६० नॉट निघतो. पात्यांची टोकं पुढे वळलेली असतील तर इंजिन तेव्हा शक्ती देत होतं असा अंदाज करतात, मागे वाकलेली असतील तर थ्रॉटल बंदच्या जवळ होता. पुरावा म्हणून एवढं पुरेसं नाही, पण बाकीच्या खुणांशी ते ताडून बघतात.

विमानात जी १००० ही डिजिटल पॅनेल असेल तर तिच्या कार्डावर दर सेकंदाचा वेग, उंची, इंजिनाचे आकडे नोंदलेले असू शकतात. ते कार्ड काढून कुणी ‘बघून घेऊ’ म्हणून घरी नेऊ नये. तपास करणाऱ्यांच्या हातीच ते पडलं पाहिजे.

चाकाचा दोष तपासायचा तर तुटलेल्या धातूचा छेद पाहतात. एकाच धक्क्याने तुटलेला तुकडा खडबडीत, ताजा आणि आसपास वाकलेला असतो. आधीपासून भेग वाढत गेली असेल तर छेदावर गुळगुळीत भाग असतो, त्यावर अर्धवर्तुळाकार रेषा दिसतात, कधी जुना गंज किंवा तेलाचा डाग असतो. दुसरी नजर स्ट्रटवर. उड्डाणापूर्वी त्यातली हवा गेलेली असेल तर तो पूर्ण दबलेला असतो आणि धक्का थेट फायरवॉलला जातो. आधीच्या आठवड्यांच्या नोंदवहीत ‘नाकाचं चाक थरथरतं’ अशी तक्रार आहे का, तेही पाहायचं. शिमी डॅम्परची, म्हणजे ही थरथर शोषणाऱ्या भागाची, तक्रार पुढे ढकललेली असली तर ती इथे महत्त्वाची ठरते. आणखी एक जागा सहसा सुटते, ती म्हणजे पायलटची सीट. जुन्या सेसनांमध्ये सीटच्या रुळांची छिद्रं झिजून सीट अचानक मागे सरकल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकी नियामकाचा २०११ चा एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (सक्तीचा सुरक्षा आदेश), २०११-१०-०९, याच रुळांबद्दल आहे. फ्लेअरमध्ये सीट सरकली तर हातातला कंट्रोल सोबत मागे येतो. मुलाला हे थेट विचारा, कारण भीतीपोटी मुलं अशी गोष्ट विसरतात किंवा आपलीच चूक समजून बोलत नाहीत.

भारतात अशा घटनांचा तपास २०१७ च्या विमान अपघात तपास नियमांनुसार होतो. एअरक्राफ्ट अ‍ॅक्सिडेंट इन्व्हेस्टिगेशन ब्युरो २०१२ पासून आहे. तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटून देणं नाही, असं नियमातच म्हटलंय. परवानगीशिवाय विमान हलवता येत नाही, माणसं काढणं किंवा आग रोखणं एवढ्यापुरतीच सूट असते. अपघातानंतर मिक्श्चर (इंजिनाला जाणारं इंधन-हवेचं मिश्रण) बंद, इंधनाचा सिलेक्टर बंद, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) आणि मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, मग बाहेर, हा क्रम पायलटला पाठ हवा. आणि गावकऱ्यांनी बिडी-सिगारेट लांब ठेवावी. विमानाचं पेट्रोल सांडलं की वाफ जमिनीलगत पसरते.

दुरुस्तीबाबत एक गोष्ट ठामपणे सांगतो. पंखा घासला म्हणजे फक्त पंखा बदलून विमान उडवायचं नसतं. १७२ एस मध्ये लायकॉमिंगचं इंजिन असतं आणि लायकॉमिंगच्या सर्व्हिस बुलेटिन ५३३ मध्ये अशा घटनेनंतरच्या तपासणीच्या सूचना आहेत. क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरचा बोल्ट आणि डॉवेल तपासण्याचा २००४-१०-१४ हा डायरेक्टिव्ह त्याच कारणाने आला. तो गिअर निसटला तर मॅग्नेटो, ऑइल पंप, कॅमशाफ्ट सगळं एकाच क्षणी थांबतं. पंखा सरळ करून आठवड्यात विमान तयार झाल्याचं कानावर आलं तर मुलाला त्यात बसू देऊ नका आणि कागद मागा.

मुलाने पुन्हा उडायला सुरुवात करताना क्रम असा ठेवावा. आधी इन्स्ट्रक्टरसोबत सुरक्षित उंचीवर कमी वेगाचं उड्डाण आणि स्टॉल, म्हणजे विमान कुठे सोडतं ते हाताला पुन्हा कळेल. मग धावपट्टीवर तीन-चार फुटांवरून, न टेकता, थोडी पॉवर ठेवून उडत जाणं आणि टोकाआधी गो-अराउंड. यातून फ्लेअरची उंची डोळ्यात बसते. त्यानंतर लँडिंग. ३०० फुटांवर त्याने मोठ्याने बोलून तपासावं: वेग ठरलेल्यापेक्षा पाचच्या आत, रेषेत, फ्लॅप लागलेले, ट्रिम केलेलं. यातलं एक जरी नसेल तर उतरायचं नाही. उसळी छोटी, एक-दोन फुटांची असेल तर नाकाची स्थिती तशीच धरून थोडी पॉवर देऊन पुन्हा बसू द्यावं. त्याहून मोठी असेल तर थ्रॉटल पूर्ण पुढे, उजवं रडर, फ्लॅप लगेच २० अंशांवर, ६० नॉट धरून चढायचं, अडथळे मागे पडेपर्यंत फ्लॅप १० अंशांवर ठेवून, सुरक्षित उंची आणि ६५ नॉट झाल्यावर पूर्ण आत. पूर्ण फ्लॅपसाठी ट्रिम केलेलं असल्याने पॉवर देताच नाक जोरात वर येतं, ते दाबून धरावं लागतं, आणि हाताला याची सवय आधी इन्स्ट्रक्टरसोबत असताना लागलेली असली पाहिजे. उसळीनंतर कंट्रोल पुढे ढकलायचा नाही, ही एकच गोष्ट त्याला प्रत्येक ब्रीफिंगमध्ये म्हणायला लावा. पुढचा सोलो सकाळी लवकर, पाच नॉटांपेक्षा कमी वाऱ्यात, साडेनऊशे किलोच्या विमानाचा वेग त्याच्या गुडघ्यावरच्या पॅडवर लिहिलेला असताना करावा.